खातं तुमच्या नावावर आहे

आमच्या पेढीशी व्यवहार असलेले जळगाव, धुळे, नंदुरबार आणि मालेगावकडचे तमाम दुकानदार, दलाल, ट्रान्सपोर्टवाले आणि आमचे सगेसोयरे यांस जाहीर कळवतो की, सुरतेच्या रिंग रोडवरच्या आमच्या साड्यांच्या पेढीचा ईमेल चोरट्यांच्या हाती गेला होता. आता तो परत आमच्या ताब्यात आला आहे. मधल्या काळात ‘जुनं खातं ऑडिटमुळे बंद आहे, पेमेंट खालील नव्या खात्यावर करावे’ अशी पत्रं आमच्या नावाने गेली. ती आमची नव्हेत. आमचं बँक खातं बदललेलं नाही. उद्या बदललंच तर फोनवर सांगू, आणि त्या फोनवरही विश्वास ठेवू नका. हल्ली आवाजाचीही नक्कल होते. तुमच्या वहीत लिहिलेल्या जुन्या नंबरवर तुम्ही उलट फोन करा, मगच पैसे सोडा.

इथवर झाली सूचना. इशारा पुढे आहे, आणि तो दोघांना आहे. पण आधी चोरी कशी झाली ते नीट सांगतो, कारण मार्केटात अजून पुष्कळांची समजूत अशी आहे की हॅकर म्हणजे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं नाचवणारा कोणी जादूगार. तसं काही नसतं.

एका जुन्या पार्टीच्या खऱ्याच पत्त्यावरून पत्र आलं: खातेउतारा जोडला आहे, तपासून घ्यावा. त्या पार्टीचा ईमेल आधीच फुटलेला होता. फाइलवर बोट ठेवलं की पासवर्ड मागणारं पान उघडायचं, हुबेहूब रोजच्यासारखं. ते पान चोराचं. पासवर्ड मिळाल्यावर त्याने लगेच काही केलं नाही, नुसता वाचत बसला. कोणाकडे किती उधारी, कोणत्या पार्टीचे साठ दिवस कधी भरतात, आमचे मेहताजी पत्राचा शेवट ‘जय श्रीकृष्ण’ लिहून करतात, सगळं त्याने टिपून घेतलं. मग दिवाळीआधीची वसुली सुरू झाली आणि त्याने लिहायला घेतलं. शेवटी ‘जय श्रीकृष्ण’ होतंच.

त्याची खरी हुशारी पुढे आहे. त्याने आमच्या ईमेलमध्ये एक नियम लावून ठेवला होता. ज्या पत्रात ‘पेमेंट’, ‘बँक’ किंवा ‘आरटीजीएस’ हे शब्द असतील ते इनबॉक्समध्ये दिसायचंच नाही, वाचलेलं म्हणून परस्पर मागे जाऊन पडायचं. एका पार्टीने शहाणपणा करून विचारलं होतं, ‘शेठ, खातं खरंच बदललं का?’ ते पत्र आम्हाला दिसलंच नाही. उत्तर त्याने दिलं: ‘हो, आजच करा.’ त्यानंतरचा पत्रव्यवहार त्याने एका वेगळ्या पत्त्यावर नेला. आमच्या पेढीच्या नावात इंग्रजी ‘एम’ आहे. त्या जागी त्याने ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी बसवले होते. मोबाइलच्या पडद्यावर बारीक अक्षरांत पाहा, तुम्हालाही ‘एम’च दिसेल.

म्हणून पासवर्ड बदलला की संपलं, असं समजणाऱ्यांनी एकदा सेटिंग्जमध्ये जाऊन फिल्टर बघावेत, फॉरवर्डिंग बघावं, कुठल्या ॲपला परवानगी दिली आहे ते बघावं, आणि सगळ्या उपकरणांवरून खातं लॉग आउट करावं. नाहीतर पासवर्ड नवा असतो आणि पत्रं जुन्याच वाटेने चोराकडे जात राहतात. चोराने रिकव्हरीचा फोन नंबर बदलला तरी घाबरून बसू नका. गूगलच्या खात्यात जुन्या नंबरवरही सात दिवसांपर्यंत कोड मागवता येण्याची शक्यता असते. ते दिवस वाया घालवू नका. आणि पत्रं रागाच्या भरात पुसून टाकू नका. ‘मूळ मजकूर दाखवा’ केलं की पत्र कुठून कसं आलं त्याच्या ओळी दिसतात, त्या जपून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्रासह त्याच न्यायालयात उभ्या राहतात.

एका पार्टीचे पैसे गेले. रक्कम तक्रारीत लिहिली आहे, इथे लिहीत नाही. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. रिझर्व्ह बँकेचं जुलै 2017 चं परिपत्रक ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही, वगैरे. फसून का होईना, आपल्याच हाताने पाठवलेल्या पैशाला ते लागू पडत नाही. मग पार्टी म्हणते मी भरले, पेढी म्हणते पोचले नाहीत, आणि वीस-वीस वर्षांचे संबंध अशा एका आरटीजीएसपायी तुटतात. आम्ही ठरवलं आहे: रक्कम परत मिळेपर्यंत निम्मा भार पेढीचा. कायद्याने असं करणं भाग आहे की नाही हे वकिलांना विचारलेलं नाही, विचारायचंही नाही.

आता पहिला इशारा, आमचं खातं फोडणाऱ्याला.

तू आम्हाला नंतर आणखी एक पत्र पाठवलंस. ईमेलमधली सगळी पत्रं तुझ्याकडे आहेत, बिटकॉइनमध्ये पैसे दिले नाहीत तर पार्ट्यांचे हिशोब चव्हाट्यावर मांडशील. मांड. आमचे हिशोब जीएसटीच्या दफ्तरात आधीच मांडलेले आहेत. तुला एक रुपया मिळणार नाही, आणि घासाघीसही होणार नाही. धमकी देऊन पैसे उकळणं म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खाली खंडणी, सात वर्षांपर्यंत कैद. फसवणुकीचं कलम 318 निराळं, तिथेही सात वर्षांपर्यंत. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं आणि दुसऱ्याच्या नावाने फसवणं यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66 सी आणि 66 डी ही कलमं, प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत. तुझं धमकीचं पत्रही तक्रारीला जोडलं आहे.

तू हे वाचणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तू कुठल्या देशात बसला आहेस हेही कदाचित कधी कळणार नाही. म्हणून तुझ्यावर याहून जास्त शाई खर्च करत नाही.

दुसरा इशारा ज्याला आहे, तो मात्र हे वाचणार. तो मराठी वाचतो.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवा. 11 आणि 13 ऑगस्ट 2018, दोन दिवसांत 94 कोटींहून अधिक रुपये गेले. बनावट कार्डांवर देशोदेशींच्या एटीएममधून रोकड निघाली, आणि वर तेरा कोटींहून अधिक हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी पुढे बोट उत्तर कोरियाकडे दाखवलं. पण एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने शिक्षा कोणाला सुनावली? प्याँगयांगमधल्या कोणाला नव्हे. शिक्षा झालेले अकरा जण इथलेच होते, इथल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढण्याच्या कटातले. डोकं सुखरूप राहिलं. हात सापडले.

सुरतेत ते हात खात्यांच्या रूपाने भाड्याने मिळतात. पासबुक, चेकबुक, एटीएम कार्ड आणि त्या खात्याला जोडलेलं सिम, या सगळ्याला मिळून ‘किट’ म्हणतात. उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली, जिथे लूमवर, डाइंगमध्ये, एम्ब्रॉयडरीत आपली खानदेशची माणसं राबतात, तिथे एजंट फिरतात. ‘भाऊ, खातं नुसतं पडून आहे ना? काही हजार मिळतील, तुला काही करायचं नाही.’ 2024 मध्ये इथल्या सायबर पोलिसांनी अशा खात्यांचा मोठा धंदा उघडकीस आणला, तेव्हा त्याचे धागे दुबईपर्यंत गेले होते.

तर, भाऊ किंवा ताई, जे कोणी असाल ते. चोराचा चेहरा दिसत नाही, पण खात्याला नाव असतं. 1 एप्रिल 2025 पासून आरटीजीएस-एनईएफटी करण्याआधी समोरच्या खातेदाराचं नाव बघता यावं, अशी सोय करण्याचा रिझर्व्ह बँकेचा बँकांना आदेश आहे. आमच्या पार्टीच्या मेहताजींनी ते नाव पाहिलं होतं. नाव पेढीचं नव्हे, एका माणसाचं. त्यांना वाटलं, शेठचा भागीदार असेल. ते नाव आता आमच्याकडे आहे, ते छापत नाही. आडनाव आपल्याकडचं आहे. आयएफएससी कोडवरून शाखा कळते, ती उधन्याची आहे. केवायसीमध्ये तुमचा फोटो, आधार, पॅन, सही, सगळं बँकेत बसलेलं आहे. हॅकरने नाव लपवायला जगभरचे सर्व्हर वापरले, आणि तुम्ही तुमचं नाव त्याला भाड्याने दिलंत.

‘मला काय माहीत कशासाठी वापरणार होते’ हे पोलिसांना सांगायला ठीक आहे, जमलं तर न्यायालयाला पटवूनही द्या. पण कमिशन घेतलंत, सिमसुद्धा देऊन टाकलंत, तर नकळत झालं म्हणणं जड जाईल. चोरीचा माल जाणूनबुजून ठेवला तर न्याय संहितेचं कलम 317 आहे. टोळीचं काम ठरलं तर 111 आहे, आणि त्यात किमान पाच वर्षं. सप्टेंबर 2024 पासून केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने बँकांना बरोबर घेऊन संशयितांची नोंदवही सुरू केली आहे. तिच्यात एकदा नाव चढलं की पुढे नवं खातं, कर्ज, मुलांच्या फीचं ऑनलाइन पेमेंट, प्रत्येक ठिकाणी ते आडवं येऊ शकतं.

आणि झळ तुमच्यापुरती राहत नाही. 2023 मध्ये याच शहरातल्या हिरे व्यापाऱ्यांची खाती केरळसह निरनिराळ्या राज्यांच्या पोलिसांनी गोठवली, कारण फसवणुकीच्या पैशाचा एखादा तुकडा फिरत फिरत त्यांच्या खात्यात आला होता. माल विकून पैसे घेतले, एवढाच त्यांचा दोष. खातं गोठलं की कारागिरांचा पगार अडतो. कोणाच्या तरी किटमधून निघालेला पैसा कोणाच्या तरी घरातली चूल थांबवतो, आणि किट देणारा म्हणतो, मी काहीच केलं नाही.

काही जण खातं देऊन ताप्ती लाइनच्या गाडीत बसतात आणि गावाला जाऊन राहतात. नवापूर ओलांडलं की गुजरात पोलीस मागे राहिले, असं त्यांना वाटत असावं. 1930 या नंबरवर आणि राष्ट्रीय पोर्टलवर नोंदवलेली तक्रार संबंधित राज्याच्या पोलिसांपर्यंत पोचते, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. आमच्या पार्टीने तो आपल्या गावी नोंदवला आहे, आम्ही सुरतेत. (इशारा मिळाल्यावर लपून बसण्याची या शहराला जुनी सवय आहे, हेही खरं. जानेवारी 1664 मध्ये बऱ्हाणपूर दरवाज्याबाहेर महाराजांचा तळ पडण्याआधी मुघल अंमलदार इनायतखान आणि तीन बड्या सावकारांना निरोप गेला होता: स्वतः या, बोलणी करा. इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. पुढचं सुरतेतल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे.)

मुदत देतो. हा अंक हाती पडल्यावर येणाऱ्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत तुम्ही सुरतेच्या सायबर क्राइम पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या कुठल्याही ठाण्यात स्वतःच्या पायाने जा. किट कोणी घेतलं, कुठल्या चहाच्या टपरीवर, किती पैसे देऊन, कोणत्या नंबरवरून फोन यायचे, हे लिहून द्या. त्याआधी बँकेत जाऊन खात्यावरचे व्यवहार थांबवा. खात्यात काही उरलं असेल तर त्याला हात लावू नका, एजंटाने ‘काढून आण’ म्हटलं तरी नाही. एजंटाला या इशाऱ्याचा सुगावा लागू देऊ नका. तो आधी सिम मोडून फेकेल आणि मग तुमची ओळखच विसरेल.

आमच्या पेढीवर येऊ नका. पैसे घेऊन, हात जोडून, ओळखीच्या पुढाऱ्याला मध्ये घालून, कसेही येऊ नका. मार्केटात तडजोड होणार नाही. आमची पोरंही तुमच्या दारात येणार नाहीत, तुमचं नाव कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणार नाही, हा शब्द आहे. तुम्ही पुढे आलात तर तक्रार मागे घेईन, असं मात्र कबूल करत नाही. ते माझ्या हातातही नाही, फसवणुकीत तडजोडीला न्यायालयाची परवानगी लागते. स्वतःहून आलात एवढं जबाबात लिहिलं जाईल, आणि न्यायाधीशांसमोर आम्ही ते नाकारणार नाही.

तुमच्या खात्यात जी रक्कम पोलिसांनी रोखून धरली आहे ती परत मिळावी म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खालचा अर्ज तयार आहे. खातेदाराच्या रकान्यात तुमचं नाव, वडिलांच्या नावासह, टाइप झालं आहे. त्याखालच्या रकान्यात, खातेदाराने तपासात सहकार्य केलं की नाही, तेवढी जागा कोरी आहे. रविवारी मार्केट बंद असतं. सोमवारी सकाळी अकरा वाजता आमचे वकील ती जागा भरून अर्ज दाखल करतील.