आपल्या गायन मंडळाचे स्वतःचे गाणे

एप्रिल महिना उजाडला की टोकावडे परिसरातल्या कोणत्याही वस्तीत संध्याकाळी जावे. बुद्धविहारात किंवा समाजमंदिरात पेटी उघडलेली दिसते. शेतावरून परतलेला, कंपनीची पाळी संपवून आलेला, रिक्षा दाराशी उभी करून आलेला, अशी दहाबारा माणसे तिच्याभोवती बसतात. कुणी ढोलकी सुरात लावतो, कुणी खंजिरी चाचपतो, मागे दोघेतिघे झील धरायला सज्ज असतात. ही मंडळी व्यावसायिक गायक नव्हेत. त्यांना मानधन मिळत नाही. मिळालेच तर ते टेम्पोच्या भाड्यात जाते. तरीही भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, नामकरण, मंगल परिणय, पुण्यानुमोदन यांपैकी एकही प्रसंग त्यांच्यावाचून पार पडत नाही. आपल्या समाजाचे सुखदुःख गेली कित्येक दशके याच हौशी गळ्यांनी वाहिले आहे. स्मरणिकेत मान्यवरांचा गौरव होतोच. या मंडळांविषयी चार शब्द लिहावेत, आणि त्यातले दोन तक्रारीचे असावेत, असे मला वाटते.

तक्रार अशी की, ही मंडळे गातात ते गाणे बहुधा त्यांचे स्वतःचे नसते. पूर्वी ते कॅसेटवरून उतरवून घेतले जाई, आता मोबाइलवरून घेतले जाते. मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली तीच पंधरावीस गीते खेडोपाडी ऐकू येतात. अलीकडे तर तयार ट्रॅक वाजतो आणि ढोलकीवाला हात जोडून बाजूला उभा राहतो. पुढच्या वर्षी त्याला बोलावणेही येत नाही, कारण डीजे ठरलेला असतो. मंडळ असे एका दिवसात मोडत नाही. एकेक वाद्य गप्प होत जाते आणि शेवटी पेटी कपाटावर चढते.

उसन्या चालीबद्दल मात्र माझे काही म्हणणे नाही. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी लोककवी वामनदादा कर्डकांचा आरंभ आठवावा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत 1922 साली जन्मलेल्या या माणसाला अक्षरओळख झाली ती मुंबईत आल्यावर, तरुणपणी. आणि 1943 साली त्यांनी पहिले गीत रचले तेही एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर. चाल बाजारातली होती, शब्द त्यांचे होते. आज आपल्या मंडळांकडे चाल उसनी आहे आणि शब्दही उसने आहेत.

त्याहून मागे जावे तर आंबेडकरी जलसा भेटतो. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 साली सुरू झाला. त्याच धामधुमीच्या काळात भीमराव कर्डकांनी आपला जलसा उभा केला. (वामनदादा आणि भीमराव यांची नेहमी गल्लत होते, आडनाव एक, माणसे दोन.) लोकांच्या ओळखीचा तमाशाचा साचा त्यांनी घेतला आणि त्यातला आशय बदलला. देवाच्या स्तवनाच्या जागी चळवळीचा विचार आला. सवाल-जवाबात अस्पृश्यता, सावकारी, अंधश्रद्धा आणि शिक्षण आले. आपल्या अनेक सभांचे काम असा एक जलसा करतो, असे बाबासाहेबांनी म्हटल्याचे जुने लोक सांगत. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे की, तो जलसा एका ठरावीक कामासाठी, ठरावीक लोकांसाठी मुद्दाम रचलेला होता. गात होते ते हौशी तरुणच. आजच्या भाषेत त्याला प्रकल्प म्हणता येईल. तेव्हा असा शब्द कोणी वापरला नसेल, काम मात्र नेमके तेच होते.

परदेशातही याचे एक उदाहरण आहे. ब्रिटनमध्ये हौशी गायक-वादकांच्या मंडळांची ‘मेकिंग म्युझिक’ नावाची संघटना आहे. ती गेली वीसहून अधिक वर्षे एक योजना चालवते. एखाद्या हौशी मंडळाची एका संगीतकाराशी गाठ घालून दिली जाते. तो त्यांच्या सरावाला येऊन बसतो, कोणाचा गळा कुठवर जातो हे पाहतो, आणि त्या मंडळापुरती, त्यांना झेपेल अशी नवी रचना करतो. पुढे ती ते मंडळ स्वतः सादर करते. मोठ्या कलावंताचे गाणे लहान मंडळाने कसेबसे पेलावे, याच्या उलट हा प्रकार आहे.

आपल्याकडे हे का होऊ नये? ‘आमच्याकडे शाहीर कुठे आहे?’ हा प्रश्न लगेच येईल. पुण्यात गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन उभे केले, त्यात लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्या गाणाऱ्या बहुतेक बायांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. तरी त्यांनी बाबासाहेबांवर, नवऱ्यावर, दुष्काळावर रचले. रचण्याची शक्ती आपल्या समाजात कमी कधीच नव्हती. तिला कोणी निमित्त देत नाही, एवढेच. वस्तीतल्या एखाद्या जुन्या गायकाची वही मागून पाहा. तेलकट पानांवर, शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफलेली, कधीही न छापलेली गीते हमखास सापडतील.

आणि विषयांची तर येथे वाण नाही. नाणेघाटात, आपल्या उशाशी, नागनिकेच्या नावाशी जोडलेला सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख आहे. सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. शेजारच्या बदलापुरात 1927 साली शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी भूषविले. तानसा-भातशाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. बारवी धरणासाठी मुरबाडकडच्या माणसांनी घरे सोडली. यांपैकी कशावर आपल्या मंडळाने गाणे गायलेले मी ऐकलेले नाही. बाबासाहेबांवरील प्रेम आपण उच्चरवाने गातो, ते योग्यच आहे. पण त्यांनी ज्याकडे पाहायला शिकवले ते आपल्या गाण्यात यायला नको का?

म्हणून निवासी शाळेने आणि माजी विद्यार्थ्यांनी मिळून एक लहानसे काम अंगावर घ्यावे, अशी माझी सूचना आहे. एक वर्ष, एक मंडळ, एक लेखक. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. आवणी उरकली की विहारात ग्रंथवाचनाला माणसे जमतातच. त्यानंतर तासभर वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी बोलावे आणि वसतिगृहातल्या मुलांनी लिहून घ्यावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे शिक्षक आहेत, जे कविता करतात आणि लाजून दडवून ठेवतात, त्यांच्यापैकी एकाने त्यातून वीस मिनिटांचा जलसा रचावा. त्याने सरावाला बसावे. पेटीवाल्याला जमणार नाही ती चाल बदलावी. बायकांचे आवाज मागच्या झिलीपुरते ठेवू नयेत. शाळेतल्या ठाकर-कातकरी मुलांकडे स्वतःच्या नाचाची आणि ढोलाची लय आहे. ती शोभेसाठी वापरू नये, मुलांनी आपण होऊन दिली तर रचनेच्या गाभ्यात घ्यावी, आणि कोणाकडून घेतली हे सांगावे.

खर्च फारसा नाही. वह्या, चहा, ढोलकीची नवी पाने आणि लेखकाचा एसटीचा प्रवास. लाऊडस्पीकरच्या भिंतींवर एका रात्रीत जाते त्याच्या अंशात वर्ष निघेल. एक पथ्य मात्र पाळावे. समितीने गाणे लिहू नये. समितीने लिहिलेल्या एका गीतात मी वर्गणीदारांची नावे यमकासह ऐकली आहेत. सरपंचांचे आडनाव कशाशी जुळेना म्हणून त्यांना दोनदा यावे लागले होते.

पहिल्या वर्षी जे तयार होईल ते कदाचित कच्चे असेल. मीटर सुटेल, एखादे कडवे भाषणासारखे वाटेल. ते चालेल. दुसऱ्या वर्षी दुसरे मंडळ घ्यावे, पहिल्याने त्याला शिकवावे, आणि दोन्ही रचना शाळेच्या वाचनालयात हस्तलिखितासह राहाव्यात.

सादरीकरण 14 एप्रिललाच व्हावे असे सगळे म्हणतील. पण त्या वेळी आपल्या अनेक विद्यार्थ्यांचे आईवडील घरी नसतात. दिवाळीनंतर ती कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुले शाळेच्या मंचावर गातील आणि ज्यांची कहाणी गायली ती माणसे तेथे विटा थापत असतील. तेव्हा पहिला प्रयोग भट्टीवरच करावा, असे माझे मत आहे. रात्री, काम थांबल्यावर, ट्रॅक न लावता. पेटी, ढोलकी आणि एखादा दिवा घेऊन.