त्र्यंबकच्या वारी संग्रहालयाला कुलूप

परगावी गेलेल्या प्रवाशाकडे संग्रहालय पाहायला फार तर अर्धा दिवस असतो, आणि तो कोणत्या वारी मिळेल हे रेल्वेचे आरक्षण, लग्नकार्य किंवा देवदर्शन ठरवते. त्यामुळे संग्रहालयात काय आहे याच्याआधी ते कधी बंद असते, हे पाहावे लागते. राज्य पुरातत्त्व खात्याची संग्रहालये सोमवारी बंद असतात. नाशिकचे सरकारवाड्यातले प्रादेशिक वस्तुसंग्रहालयही त्याला अपवाद नाही.

इतर शहरांत सोमवारची सुटी एकवेळ खपून जाईल. नाशिकला सोमवार म्हणजे त्र्यंबकेश्वराचा वार. श्रावणात तर विचारायलाच नको. दर्शनबारीतून सुटून नाशिकला रामकुंडावर आलेला भाविक सराफ बाजाराकडे वळला की पुढ्यात सरकारवाडा. गोदेचे पाणी याच्या पायऱ्यांना लागले की पूर मोठा, असे नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. पेशवाईतला तो वाडा, आतले कोरीव लाकडी खांब, आणि ज्या दिवशी गाव पाहुण्यांनी भरते नेमके त्याच दिवशी दाराला कुलूप!

सुटीचा वार काही ब्रह्मलिखित नव्हे. अजिंठा सोमवारी बंद, तर वेरूळ मंगळवारी. म्हणजे एक हुकले तरी दुसरे सापडते. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते. पुण्याचे राजा केळकर संग्रहालय आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय वर्षातले मोजके दिवस सोडले तर रोज उघडे असतात. तेथील कर्मचाऱ्यांनाही साप्ताहिक सुटी मिळतेच. ती आळीपाळीने देतात इतकेच.

सामानाचेही तेच. पहाटेच्या गाडीने उतरलेल्या माणसाच्या खांद्यावर बॅग असणारच. ती ठेवायला जागा नसेल तर तो संग्रहालयाच्या वाटेला जाईलच कशाला? सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी रस्ते आणि पूल यांची चर्चा रोज छापून येते. सुटीचा वार बदलणे आणि सामान ठेवायला जागा देणे या दोन बिनखर्ची गोष्टींचा मात्र उल्लेखही नाही.

सिंहस्थाचे पहिले अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 रोजी आहे. त्या दिवशी सोमवती अमावस्या, म्हणजे पुन्हा सोमवारच. पुरातत्त्व खात्याने त्याआधी नाशिकपुरती ही सुटी बुधवारी न्यावी आणि तसा फलक रामकुंडावर व रेल्वे स्थानकावर लावावा.

— एक नाशिककर