नाताळची सुटी आणि लंडनचा बाजार

पूर्वीं नाताळच्या सुटींत नौपाड्यांतील मंडळी माथेरानला जात. फार तर काशीयात्रेचा बेत ठरे. आतां मुलगा किंवा मुलगी परदेशीं असल्यामुळें म्हणा, अथवा प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींमुळें म्हणा, गोखले रोडच्या आसपास कित्येक घरांतून डिसेंबरांत लंडनला जाण्याचें घाटत असतें. त्यांत वावगें कांहींच नाहीं. मात्र खर्च घरच्या सामाईक पैशांतून व्हावयाचा असेल, तर दोन गोष्टींचा विचार आधींच झालेला बरा. तेथें काय पाहावयाचें, आणि येथें मागें कोणीं राहावयाचें?

पहिला प्रश्न सोपा आहे. डिसेंबरअखेर लंडनमध्यें सूर्य आठाच्या पुढें उगवतो आणि चाराच्या आंत मावळतो. तेव्हां उजेड स्थलदर्शनासाठीं राखावा आणि बाजार दिवेलागणीनंतर करावा. २५ डिसेंबरला तेथें भुयारी गाडी नाहीं कीं बस नाहीं. ब्रिटिश म्यूझियम तर २४ ते २६ असे तीन दिवस बंद असतें. आपल्या मुलांची सुटी नेमकी याच दिवसांत पडते. म्हणून बिऱ्हाड पॅडिंग्टनच्या आसपास करावें. तेथून हाउली प्लेस पायीं गांठतां येतें. चिरोल खटल्यासाठीं गेलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ सालीं तेथील दहा नंबरच्या घरांत राहत होते. भिंतीवर तशी पाटी आहे. फेब्रुवारी १९१९ मध्यें निकाल विरुद्ध लागला, तेव्हां त्यांची साठी उलटून गेली होती. घर खासगी आहे. बाहेरूनच नमस्कार करावा. दुसऱ्या दिवशीं किंग हेन्रीज रोडवर जावें. १९२१-२२ सालीं विद्यार्थी असतांना डॉ. आंबेडकर जेथें राहत, तें घर महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं विकत घेऊन तेथें स्मारक केलें आहे.

ब्रिटिश म्यूझियममधील अमरावतीचीं शिल्पें आणि व्हिक्टोरिया-आल्बर्ट संग्रहालयांतील टिपूचा लाकडी वाघ पाहावयास पैसा पडत नाहीं. भुयारी गाडींत बसतांना मुलांना एवढें अवश्य सांगावें, कीं ही गाडी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी १० जानेवारी १८६३ रोजीं प्रथम धांवली. आपल्या ठाण्याला बोरीबंदरहून आगगाडी आली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं, म्हणजे जवळजवळ दहा वर्षें आधीं!

बाजारांतही पाहण्यासारखें आहे. लिबर्टी या दुकानाची १९२४ सालची इमारत दोन जुन्या युद्धनौकांच्या लांकडांनीं सजलेली असून त्यांतील एकीचें नांव ‘हिंदुस्तान’ होतें. परंतु १ जानेवारी २०२१ पासून परदेशी प्रवाशाला दुकानांत घेतलेल्या मालावरचा कर तेथें परत मिळत नाहीं. पॅरिसमध्यें ती सवलत आहे. लंडनमध्यें तिच्या भरंवशावर हिशेब करूं नये.

आतां दुसरा प्रश्न, आणि तोच अवघड. सासरे अंथरुणाला खिळलेले असतात. कोणीतरी घरीं राहणें प्राप्तच असतें. ती ‘कोणीतरी’ बहुधा थोरली सून असते. तिला कोणी विचारीत नाहीं; ती राहील, असें सर्वांनीं धरूनच चाललेलें असतें. मग जाणाऱ्यांचें मन त्यांना खातें, आणि त्यांतून ती लांबलचक यादी जन्मास येते: वहिनींना अत्तर, काकूंना लोकरीची शाल, शेजाऱ्यांना चॉकलेटांचे डबे. चार दिवसांपैकीं दोन ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या गर्दींत जातात, आजोबा दुकानाच्या दारांत थंडींत ताटकळत उभे राहतात, आणि हाउली प्लेसला जावयाचें तें राहूनच जातें. इतकें करून अत्तराची बाटली थोरलीच्या कपाटांत तशीच पडून असते. तिला बाटली नको होती; आपल्यालाही कोणी ‘तुम्ही येतां का?’ म्हणून विचारावें, एवढीच तिची अपेक्षा होती.

यासाठीं आमची सूचना अशी कीं, तिकिटें काढण्यापूर्वीं सर्वांनीं एकत्र बसून पाळी ठरवावी. यंदा जी मागें राहील, ती पुढील खेपेस प्रथम जाईल, आणि तेव्हां सासऱ्यांची शुश्रूषा धाकटी व मुलगे मिळून करतील, हें तिच्यासमक्ष बोलून ठेवावें. खरेदीसाठीं जी रक्कम काढावयाची, तिच्यांतील निम्मी तिच्या प्रवासासाठीं तिच्याच नांवें बँकेंत टाकावी. उरलेल्या निम्म्यांत चॉकलेटांचे डबे सुखानें येतात, सामानाचें वजनही मर्यादेंत राहतें, आणि घरीं परतल्यावर प्रवासाची हकीकत सांगतांना कोणाची नजर चुकवावी लागत नाहीं.