आधी पाया दाखवा

स्पेनमधील अझ्नालकोयारच्या धातुखाणीचा गाळ साठवणारा बांध २५ एप्रिल १९९८ रोजी फुटला. ग्वादियामार नदीकाठची सुमारे ४,५०० हेक्टर जमीन विषारी चिखलाखाली गेली. बांधाचा भलामोठा भाग अखंडच पुढे सरकला होता. घसरली ती पायाखालची निळसर चुनखडीयुक्त चिकणमाती. चोपण रानात पाणी का मुरत नाही, हे आम्हा शेतकऱ्यांना शिकवायला नको. तीच गत इथे. वीस वर्षे गाळ आणि बांध चढत गेले, मातीतले पाणी निघेना, त्याचा दाब वाढला आणि मातीची पकड सुटली.

पुढे चिखलासोबत वरची सुपीक मातीही खरवडून नेली, उरलेल्या जमिनीत चुना आणि सेंद्रिय खत घातले. तरी शेती परतली नाही. सरकारने जमिनी विकत घेऊन तिथे झाडे लावली. (मोबदल्याने माती येत नाही, हे आमच्या साहेबलोकांना कोण सांगणार?)

गोव्यात खाणींचा गाळ भातखाचरांत शिरलेला आम्ही जाणतो. म्हणून असा बांध घेऊन जो कोणी ग्रामसभेत येईल त्याने आधी पायातल्या बोअरची माती पुढ्यात ठेवावी. चिकणमातीचा थर किती खोल, त्यातल्या पाण्याचा दाब कोण मोजणार, ते आकडे गावाला दरमहा मिळणार का, हे लेखी द्यावे, तेही मराठीत. बांधाच्या उंचीचे त्यानंतर बोलू.