पाटीवरचा रंग

एकतीस जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे मिरकरवाडा बंदरात सध्या सगळी लगबग काठावर आहे. शनिवारी सकाळी नेहमीप्रमाणे जेट्टीवर चक्कर मारली, तर आमच्या चाचांच्या शाकारलेल्या बोटीपाशी मिस्त्री हात पुसत उभा होता आणि चाचा इंजिनाच्या एका नव्याकोऱ्या लायनरकडे नुसते बघत बसले होते. एसटीच्या पार्सलने आलेला. व्यास बरोबर, लांबी बरोबर, फक्त वरची कॉलर जाड. ब्लॉकमध्ये घातला की वर उठून राहतो. त्यावर हेड कसलं तर गॅसकेट चार दिवस टिकणार नाही. ज्या दुकानातून तो आला, तिथल्या माणसाने फोनवर सांगितलं होतं, "घ्या हो, सगळे सारखेच असतात." आठवडाभर हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

सगळे सारखे नसतात. चाचांचं इंजिन जुनं, दोन सिलिंडरचं रस्टन. रस्टन अँड हॉर्न्सबी ही १९१८ साली एकत्र आलेली इंग्लंडातल्या लिंकनची कंपनी; पुढे आपल्या चिंचवडलाही तिचा कारखाना झाला. जुन्या इंजिनाचं आयुष्य त्याचे भाऊबंद किती उरलेत यावर ठरतं. लेलँडचं इंजिन बोटीत असेल तर त्याचे पिस्टन-रिंगा ट्रकवाल्यांच्या बाजारात सापडतात. बोटीचा म्हणून जो खाऱ्या पाण्याचा पंप असतो, तोच काय तो अडवतो. लिस्टरचं संथ चालणारं इंजिन इंग्लंडात १९८७ साली बंद झालं, पण राजकोटवाले त्याच घडणीचं इंजिन बनवत राहिले, म्हणून त्याचा माल मिळतो. रस्टनच्या मागे असं गोत उरलेलं नाही. त्याचा माल दारूखान्याच्या भंगारबाजारात, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, नाहीतर कुणा म्हाताऱ्या फिटरच्या माळ्यावर शोधावा लागतो.

"जुना लायनर नमुना म्हणून पाठवला होतात का?" मी विचारलं.

"नमुना कशाला, भाऊ, माप कळवलं होतं," चाचा म्हणाले.

मिस्त्रीने मग जुना लायनर उचलून मला आतून बोट फिरवायला लावलं. रिंगा जिथे घासतात तिथे लायनर झिजून मोठा झालेला असतो; तिथलं माप फसवतं. रिंगा पोचत नाहीत त्या वरच्या काठावर मूळ माप शिल्लक राहतं, बोटाला तिथे बारीकशी पायरी लागते. त्यातून हे इंजिन इंचातलं. मिस्त्री 'वीस थाऊ' म्हणतो तेव्हा ते अर्ध्या मिलिमीटरहून केसभर जास्त असतं, आणि तेवढ्यानेही पिस्टन जाम होतो. एवढं सांभाळून मिस्त्रीने माप घेतलं होतं. पण कॉलर किती जाड हवी, हे इंजिनाच्या क्लासवरून ठरतं. "क्लास आणि नंबर सांगितला होतात?" या प्रश्नावर दोघंही गप्प झाले.

नंबर इंजिनाच्या पाटीवर होता आणि पाटी रंगाखाली. दर पावसाळ्यात चाचा डिझेलने इंजिन पुसून काढतात आणि वर हिरव्या रंगाचा हात देतात. खारा वारा लोखंड खातो, म्हणून जिवापाड जपायचं. या जपण्याचं मला कौतुकच आहे. पण पाटी पितळेची. पितळेला गंज चढत नाही, तिला रंगाची गरजच नाही. रंगवताना ब्रश मात्र थांबत नाही. एकेका वर्षाचा थर चढत गेला आणि अक्षरं बुजली.

हे मला इतकं लागतं त्याला कारण आहे. माझ्या वडिलांच्या भातगिरणीचं इंजिन असंच गेलं. त्याची पाटी कुणीतरी पितळेसाठी उपटून नेली होती. एका नोझलसाठी वडील दोन महिने हिंडले. प्रत्येक काउंटरवर एकच प्रश्न, "नंबर काय?" सांगता येईना. शेवटी चालण्यासारखं इंजिन वजनावर विकलं. गाडीत चढवताना वडील घरात निघून गेले, बाहेर आले नाहीत.

मिस्त्रीने काथ्याचा बोळा थिनरमध्ये भिजवला आणि पाटीवर हलक्या हाताने फिरवायला सुरुवात केली. पत्रा नको, ब्लेड नको; अक्षरं खरवडली की संपलं. अर्ध्या तासाने हिरव्यातून पिवळा कोपरा दिसला, मग क्लासची अक्षरं, मग एकेक आकडा. चाचांनी चष्मा चढवून तो नंबर मोठ्याने वाचला, पुन्हा वाचला. इतकी वर्षं इंजिन त्यांचं होतं, पण त्याचं नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं.

लायनर मिळेल तेव्हा मिळेल. बोटवाल्यांनो, शेतकऱ्यांनो, गिरणीवाल्यांनो, माझी एवढीच विनंती: या पावसाळ्यात ब्रश हातात घ्याल तेव्हा पाटीवर आधी ग्रीसचं बोट फिरवा, म्हणजे रंग धरणार नाही. आणि नंबर घरातही लिहून ठेवा. चाचांच्या नातवाने तो त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दाराआड खडूने लिहिला, गॅसच्या नंबरच्या खाली.