फुगलेली बॅटरी कोणाला देऊ नका

आमचा भाचा अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे. रविवारी तो लग्नाचे, नामकरणाचे आणि एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीचे शूटिंग करतो. तीन वर्षांपूर्वी हप्त्याने घेतलेला ड्रोन त्याने आता बदलला. जुना ड्रोन तीन बॅटऱ्यांसह गल्लीतल्याच एका होतकरू मुलाला द्यायचे ठरले, पैसेही हातात आले. "मामा, तिन्ही बॅटऱ्या चार्ज होतात," असे तो म्हणाला. चार्ज होते म्हणजे चांगली आहे, ही समजूत मोबाईलपासून आपल्या घराघरांत आहे. म्हणून आम्ही त्याला म्हटले, देण्याआधी एकदा तपासू.

ड्रोनची बॅटरी वजनाने हलकी, पण काही मिनिटांत सगळी ताकद ओतणारी. आत लिथियमचे तीन-चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात. सेल जुना झाला, तापला किंवा अगदी रिकामा राहिला की आतले रसायन बिघडून वायू तयार होतो आणि पाकीट फुगते. आमच्या वस्तीत पत्र्याच्या खोल्या. एप्रिल-मेमध्ये माळ्यावर ठेवलेली बॅटरी काय सोसत असेल, याचा अंदाज प्रत्येकाने घ्यावा.

आधी तिन्ही बॅटऱ्या सपाट फरशीवर ठेवल्या. तिसरी डुगडुगली. पोट सुटलेल्या माणसासारखी तिची एक बाजू वर आली होती आणि ड्रोनमध्ये बसवताना जोर लावावा लागत होता. ती तिथेच बाद. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्जिंगलाही लावू नये. काही मुले सुईने हवा काढतात असे ऐकले. हा शुद्ध आत्मघात आहे, टोचताच आतून आग होऊ शकते.

उरलेल्या दोन चार्ज करून तासभर थंड होऊ दिल्या आणि मोबाईलच्या ॲपमध्ये एकेका सेलचा आकडा पाहिला. साधा लिथियम पॉलिमर सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट दाखवतो, काही नव्या प्रकारचे 4.35 किंवा त्याच्याही वर. ते लेबलावर पाहावे. आकडा मोठा की लहान, यापेक्षा सगळे सेल सारखे आहेत का, हे महत्त्वाचे. पहिल्या बॅटरीत 4.31, 4.31, 4.30. दुसरीत 4.30, 4.29 आणि तिसरा सेल 4.11. ओढगाडीला जुंपलेल्या तिघांतला एक दमला की गाडी त्याच्याच चालीने जाते, तसे हे आहे. ज्यांच्या बॅटरीला ॲप नाही, त्यांनी बॅलन्स वायरवर मीटर लावून पाहावे. मात्र मीटरच्या दोन टोकांनी चुकून शॉर्ट होणार नाही, इतका हात सरावलेला हवा.

किती वेळा चार्ज झाली हा आकडाही ॲप देते. पहिली 64 वेळा, दुसरी 171 वेळा. पण या आकड्यावर भुलू नये. वर्षभर पूर्ण भरून कपाटात ठेवलेली बॅटरी न वापरताही म्हातारी होते. ठेवायची तर साधारण अर्धी भरून, सेलमागे 3.8 व्होल्टच्या आसपास.

खरी परीक्षा उडवून होते. परवानगीच्या ठिकाणी, मोकळ्या मैदानात, माणसांपासून दूर, दोन-तीन मीटरवर ड्रोन स्थिर धरला. नवेपणी 24 मिनिटे मिळत, पहिलीने 19 दिली, टक्के सावकाश उतरले. दुसरी बाराव्या मिनिटाला 48 टक्क्यांवरून एकदम 31 वर आली. मिरवणुकीवर असे झाले असते तर खाली लेकुरवाळ्या बाया आणि खांद्यावरची पोरे.

भाच्याचा चेहरा उतरला. "एका बॅटरीवर लग्न निघत नाही मामा, आणि पैसे तर मी तीनचे घेतलेत." पैसे परत करायचे म्हणजे त्याच्या पगाराला खिंडार, हे आम्हांस कळत होते. पण ती बॅटरी ज्या दहा बाय दहाच्या खोलीत रात्री चार्जिंगला लागणार, तिथे पाच माणसे झोपतात आणि दार एकच. तेव्हा चार्जिंग जागेपणी, फरशीवर, अंथरुणापासून आणि दारापासून लांब. धूर निघाला तर सगळ्यांनी आधी बाहेर पडावे, तो धूर विषारी असतो. मग 101 किंवा 112.

बाद बॅटऱ्यांचे काय, हा प्रश्न उरला. भंगारवाल्याकडे गेली तर ती हातोडीखाली येते, घंटागाडीत टाकली तर कचरा वेचणाऱ्या आपल्याच आयाबहिणींच्या हाती. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे बॅटरी इतर कचऱ्यात मिसळायची नसते, ती गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी बाजारात आणणाऱ्यांवर आहे. विकत घेतली त्या दुकानात किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात विचारावे. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा उद्योग घरात करू नये.

भाच्याने दोन बॅटऱ्यांचे पैसे दोन हप्त्यांत परत करायचे कबूल केले, पहिला हप्ता दिलाही. दोन्ही बॅटऱ्या सध्या टोकांना चिकटपट्टी लावून, वाळू भरलेल्या वेगवेगळ्या पत्र्याच्या डब्यांत, घराबाहेर सावलीत ठेवल्या आहेत. सुट्टी मिळाली की तो त्या दुकानात नेऊन देणार आहे.