विश्लेषण : बीपीची गोळी चुकली तरी त्रास होत नाही, मग ती घ्यायचीच कशाला?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत या आठवड्यात पहिली पाळी, तर पुढच्या आठवड्यात रात्रपाळी असे चक्र सुरू असते. जेवणा-झोपेची वेळ बदलते, तशी रक्तदाबाची गोळीही राहून जाते. दुसऱ्या दिवशी काहीच त्रास झाला नाही की 'गोळीची गरजच नाही' असा समज होतो. हा समज का चुकीचा, हे औषधाच्या रक्तातील पातळीवरून कळते.

गोळी चुकली तर काय होते?

ॲम्लोडिपिन हे रक्तदाबावरील नेहमीचे औषध. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे एक गोळी चुकली तरी आदल्या दिवशी रक्तात असलेल्या औषधापैकी निम्म्याहून अधिक शिल्लक असते. त्रास न होण्याचे एक कारण हा साठा आहे. दुसरे कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब बहुतेकदा लक्षणेच दाखवत नाही. गोळी बंदच ठेवली तर आठवडाभरात साठा जवळपास संपतो आणि रक्तदाब हळूहळू पुन्हा वर जातो.

गोळी सुरू केल्यावर परिणाम कधी दिसतो?

ॲम्लोडिपिन रोज घेतल्यास रक्तातील पातळी स्थिर व्हायला सात-आठ दिवस लागतात. टेल्मिसार्टन तासाभरात रक्तात सर्वोच्च पातळी गाठते, पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण चार आठवडे जातात. म्हणून दोन दिवसांत 'गोळी लागू पडत नाही' असे ठरवणे घाईचे ठरते.

रक्तात औषध जास्त, म्हणजे परिणामही जास्त?

प्रत्येक औषधात तसे नसते. ॲटेनोलॉलचे रक्तातील प्रमाण सहा-सात तासांत निम्मे होते, तरी एका गोळीचा परिणाम २४ तास टिकू शकतो. त्याची रक्तातील पातळी आणि रक्तदाबातील घट यांचा थेट मेळ बसत नाही. मात्र हे औषध अचानक बंद केल्यास हृदयविकाराच्या रुग्णाला छातीत दुखणे, अगदी हृदयविकाराचा झटका येण्याचाही धोका असतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या गोळीचा अनुभव आपल्या गोळीला लावता येत नाही.

पाळी बदलणाऱ्यांनी काय करावे?

ब्रिटनमधील २१,१०४ रुग्णांच्या 'टाइम' चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. गोळी सकाळी घेतली काय किंवा संध्याकाळी, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. म्हणजेच वेळ कोणती यापेक्षा गोळी न चुकणे महत्त्वाचे. डॉक्टरांना विचारून तिन्ही पाळ्यांत जागे असू अशी वेळ, उदाहरणार्थ संध्याकाळी सहा, ठरवता येते. दुसऱ्या पाळीत गोळी डब्यासोबत न्यावी.

ॲम्लोडिपिनची राहिलेली गोळी आठवताच घ्यावी. १२ तासांहून अधिक उशीर झाला असेल तर ती सोडून पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी. दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.

औषध लागू पडते का, हे कसे कळणार?

त्यासाठी रक्तातील औषधाची तपासणी सहसा करावी लागत नाही. पुढची गोळी घेण्याआधी, पाच मिनिटे शांत बसून रक्तदाब मोजावा. तेव्हा औषधाची पातळी सर्वांत खाली असते. त्या वेळीही रक्तदाब आटोक्यात असेल, तर गोळी दिवसभर पुरते आहे. हे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावेत. गोळी कमी करायची की बंद, याचा निर्णय त्यावरून डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.